पाचव्या घराची मागची भिंत

घर पाहावं बांधून, असं जो म्हणून गेला त्यानं घर विकत घेऊन पाहिलं नसावं. बांधणाऱ्याला निदान ठाऊक असतं, चार विटा कुठे कमी लावल्या ते. विकत घेणारा बिचारा दुसऱ्यानं झाकून ठेवलेल्या ताटापुढे बसतो, आणि झाकण काढायची परवानगी मिळते ती सही ठोकल्यावर.

ते झाकण आधीच किलकिलं करून बघणारा एक रंगारी होता. पंचेचाळीस वर्षं भिंती रंगवल्या, शिडीवरून दोनदा पडला, एकदा तर थेट मालकिणीच्या पिठाच्या डब्यात. त्या दिवशी रंग न लावताच पांढरा होऊन घरी गेला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर शिडी सोडली आणि दुसरंच काम अंगावर घेतलं. कुणी जुनं घर घ्यायला निघालं की आधी याला घेऊन जायचं. लोक त्याला पापुद्रेकाका म्हणत.

त्याची रीत अशी. दार उघडं असलं की दारामागची भिंत कुणाला दिसत नाही. तिथं ओलं फडकं दाबायचं. मग बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून गोल गोल फिरवायचा, मधोमध जोर जास्त, कडेला हलका हात. चार मिनिटांत रुपयाएवढा डोळा उघडतो. त्यात कांदा चिरल्यासारखी कडी दिसतात. बाहेरचं कडं कालपरवाच्या रंगाचं, त्याच्या आत मागच्याचं, आणि पार मध्ये पहिला चुना. कडी मोजली की घरानं किती वेळा कपडे बदलले ते कळतं. आणि कोणत्या भिंतीनं बदलले नाहीत, तेही कळतं.

एका घरात गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये बारीक काळं कडं निघालं. मालकीण म्हणाली, "आमच्या ह्यांना काळा रंग आवडायचा." काका म्हणाला, "आवडत असेल, पण तो काजळीचा आहे. इथं आग लागली होती." दुसऱ्या घरात तीन भिंतींना नऊ कडी आणि चौथीला तीनच. ती भिंत मालकानं मागाहून, परवानगीबिरवानगी न काढता उभी केलेली. मालकांना काकाचा राग यायचा, घेणाऱ्यांना काका देव वाटायचा. काम झालं की खिशातल्या डबीतला रंग जुळवून तो डोळा बुजवून टाकायचा, डाग म्हणून दिसायचा नाही.

लोकांसाठी असं केलं तेव्हा सगळं गोड होतं. पंचाईत झाली ती स्वतःच्या मुलीपाशी.

मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहत. मालक रात्री नऊला पाण्याची तोटी बंद करायचा आणि सकाळी भिंतीला खिळा मारलाय का ते बघून जायचा. आता त्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, आणि महिनाअखेरीला खोली रिकामी हवी होती. मुलगी दोन वर्षं घर शोधत होती. चार घरं पसंत पडली. चारही काकानं पाडली.

पहिल्यात ओल. दुसऱ्यात छताला जोड. तिसऱ्यात काय ते आता त्यालाही नीट आठवत नव्हतं. चौथं तर मुलीनं मनात सजवूनसुद्धा झालं होतं. तिथं काकानं खिडकीखाली दोन कडी जास्त मोजली, म्हणजे ओल दोनदा झाकलेली, आणि मान हलवली. त्या दिवशी रिक्षातून उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही घर बघत नाही. घराचे गुन्हे बघता."

पाचवं घर निघालं ते तिच्या शाळेतल्या बाईंचं. गणित शिकवायच्या. तळमजल्यावर दोन खोल्या, मागं मोरी, पुढं फरशीचा तुकडा आणि एक लोखंडी बाक. बाई एकट्या. बहिणीकडे कायमच्या जायला निघाल्या होत्या. किंमत ऐकून मुलीला वाटलं, बाईंनी आपली विद्यार्थिनी म्हणून कमी केली. तिनं बापाला समोर बसवून सांगितलं, "ज्या बाईंनी मला नापास न करता दहावीपर्यंत आणलं, त्यांच्या भिंतीला बोट लावायचं नाही. शब्द द्या."

काकानं शब्द दिला. देताना हात मागं होते, पण दिला.

सहीचा दिवस ठरला. चार वाजता नोंदणी कार्यालयात. दुपारी दोनला मुलगी आणि जावई पडद्यांची मापं घ्यायला बाईंकडे यायचे, आणि तिथून सगळे मिळून सहीला. काका मात्र एक वाजताच पोचला. बाईंनी बसवलं, चहाचं आधण ठेवलं, आणि साखर संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या.

आता मांजराला दुधापाशी बसवून मालकीण साखर आणायला गेली, तर मांजरानं डोळे मिटून जप करावा का? काकानं मिनिटभर केला. मग उठला. मागच्या खोलीत गेला, उघडं दार जरा पुढं ओढलं आणि त्याच्या आड शिरला.

बाजूच्या भिंतीला आठ कडी निघाली. वर पिस्ता, मग मोतिया, पिवळं, आकाशी, परत पिवळं, पार आत चुना. सरळ, प्रामाणिक भिंत. त्याला बरं वाटलं. जाता जाता म्हणून त्यानं कोपऱ्याला लागून असलेल्या मागच्या भिंतीवर बोट फिरवलं. इथंही वर पिस्ता. त्याखाली मोतिया. आणि मोतियाखाली एकदम सिमेंटचा राखाडी.

त्यानं परत फडकं लावलं, परत घासलं. दोनच कडी.

शेजारच्या भिंतीनं आठ वेळा कपडे बदलले आणि हिनं दोनदाच? म्हणजे हिचा गिलावा सात-आठ वर्षांपेक्षा जुना नाही. नुसता रंग उडाला म्हणून कुणी अख्ख्या भिंतीचा गिलावा काढत नाही. भिंत फुटली असणार, नाहीतर बसली असणार. त्यानं तळव्यानं दाबून बघितलं, मग कान लावला. भिंत काही बोलली नाही. पोटात दुखतंय हे न सांगणाऱ्या माणसासारखी उभी.

तेवढ्यात बाहेर बाईंच्या चपला वाजल्या.

काकानं घाईघाईनं डबी काढली. पांढऱ्यात हिरव्याचा थेंब, पिवळ्याचा अर्धा. झाकणावर कालवलं, पिस्त्याशी ताडून बघितलं, तंतोतंत जुळलं. दोन्ही डोळे बुजवले, दार जाग्यावर आणलं आणि चहापाशी येऊन बसला. कपाळावर घाम.

"उकडतंय का?" बाई म्हणाल्या. "पंखा लावू?"

"नको नको. म्हातारपण आहे, आतूनच उकडतं."

त्यानं चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. घड्याळात पावणेदोन. बोलावं तर दिलेला शब्द मोडला हे कबूल करायचं, आणि पाचवंही घर आपणच पाडायचं. न बोलावं तर चार वाजता मुलगी सही करणार आणि नातीचा पलंग त्या भिंतीला लागणार. तो तिथंच लागणार, कारण मुलीनं आठ दिवसांपूर्वीच जागा ठरवली होती. समोर बाई शांतपणे चहा फुंकत होत्या. या बाई खोटं बोलतील? चेहऱ्यावरून तर वाटत नव्हतं. पण चेहऱ्यावरून भिंती तरी कुठे कळतात?

"घर चांगलं सांभाळलंत," तो म्हणाला.

"मी कसलं सांभाळते. त्यानंच मला सांभाळलं."

"कधी काही... मोठं काम काढावं लागलं?"

बाईंनी कप खाली ठेवला. "ते सगळं झालंय की बोलून," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात दारात मुलगी आली, हातात मापाची टेप, मागं जावई. त्यामुळे कुणाशी काय बोलून झालंय ते काकाला विचारता आलं नाही.

मुलगी सरळ मागच्या खोलीत गेली. टेपचा आवाज येत होता, सर्रर्र, आणि मध्येच तिचं गुणगुणणं. काका मोजत होता, खिडकी झाली, आता दुसरी. मग दाराचं माप घ्यायला तिनं दार लावून घेतलं. गुणगुणणं थांबलं.

"बाबा."

तिनं नुसती हाक मारली. काका उठला तेव्हाच त्याला काय झालं असणार ते कळलं होतं.

कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर एकेक पांढरट चकती. दोन पौर्णिमेचे चंद्र.

ओला रंग खोटं बोलतो. ओला असतो तेव्हा गडद, वाळला की फिका. हे काका पंचेचाळीस वर्षं हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आला होता. जुळवायचा तो वाळल्यावर काय दिसेल ते मनात धरून. चपलांच्या आवाजानं घाबरून त्यानं वाळल्या भिंतीशी ओला रंग जुळवला. नवशिक्या पोरानं केलं असतं तर काकानं त्याला दिवसभर ब्रश धुवायला लावलं असतं.

"शब्द दिला होता तुम्ही," मुलगी म्हणाली.

"दिला होता."

"आणि?"

"आणि मोडला. आता मोडलाच आहे तर ऐकून घे. ही मागची भिंत..."

"नको." तिनं टेप जमिनीवर टाकली. "मला ऐकायचंच नाही. पाचवं आहे बाबा हे. महिनाअखेरीला मी पोरीला घेऊन कुठं जाऊ? तुमच्या शिडीवर राहू?"

"अगं, थांब," बाई मागून आल्या होत्या. त्यांनी चकत्या बघितल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागावल्या नाहीत. उलट गोंधळल्यासारख्या दिसल्या. "हे शोधायला खरवडायची काय गरज होती? विचारलं असतं तर सांगितलं असतं. सात वर्षांपूर्वी ही भिंत बसली. कोपऱ्यातून वरपर्यंत चीर गेली होती, माझी करंगळी जायची आत. गवंड्यानं चीर भरली, गिलावा नवा केला. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. किंमत त्याचीच तर कमी केलीय."

"कुणाला सांगितलं?" मुलीनं विचारलं.

बाईंनी जावयाकडे बघितलं. मग काकानं बघितलं. मग मुलीनं.

जावई तसा सरळ माणूस. पोस्टात पार्सलं वजन करायचा. अर्धा ग्रॅम जास्त भरला तरी गिऱ्हाइकाला सांगायचा. आत्ता तो खिडकीच्या कडीकडे बघत होता.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? भिंत पडल्यावर?"

"सही झाल्यावर." त्यानं मान वर केली. "मामा, राग मानू नका. चार घरं तुम्ही पाडली. त्यातल्या दुसऱ्या घरात आज एक कुटुंब राहतं, मी रोज तिथून जातो. गॅलरीत कपडे वाळत असतात, पोरं अभ्यास करतात, काही झालं नाही त्यांना. मला वाटलं, निर्दोष घर तुम्हाला कधी मिळणारच नाही, आणि तोपर्यंत आम्ही रोज नऊच्या आत बादल्या भरत बसायचं. म्हणून नाही बोललो."

काकाच्या तोंडावर दहा उत्तरं आली होती, एकसे एक धारदार. पण त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं हे होतं की त्याला घराचा दोष सापडला की आत कुठं तरी आनंद व्हायचा, आणि मुलीची घरं बघतानाही तो झाला होता.

"दुसऱ्या घराचं माझं चुकलं असेल," तो म्हणाला. "पण हिच्याबद्दल तू बायकोपासून लपवलंस ते बरं नाही केलंस, जावईबापू. तिच्या पोरीचा पलंग इथं यायचाय."

मुलगी जावयाकडे बघतही नव्हती. ती बाईंना म्हणाली, "बाई, सात वर्षांत परत हलली का भिंत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खात्री आहे. गवंड्यानं चिरेवर दोन काचेच्या पट्ट्या चिकटवून दिल्यात, कपाटामागं हात शिरेल एवढ्या फटीत. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते, म्हणाला. मी दरवर्षी निकालाच्या दिवशी टॉर्च घेऊन बघते. काच शाबूत आहे."

तीन वाजायला दहा कमी. जावई आणि काका कपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले. सासऱ्या-जावयांनी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता जड वस्तू उचलणं ही काही सोपी गोष्ट नाही. कपाट तीनदा अडलं. चौथ्यांदा सरकलं.

वरची पट्टी डोळ्यांच्या उंचीला होती. काच स्वच्छ, सलग. तिच्याशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं बाईंच्या ठाशीव अक्षरात तारखा, सात ओळी. मुलीनं श्वास सोडला.

"खालची?" काकानं विचारलं.

"खालची गुडघ्याच्या उंचीला आहे," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तीन वर्षं झाली, मला वाकता येत नाही. वरची चांगली असली की खालचीही असणार, असं धरून चालले."

काका खाली बसला. गुडघे कडकडा वाजले. खालच्या पट्टीवर अर्ध्यापर्यंत पिस्ता रंग चढला होता. मागच्या खेपेच्या रंगाऱ्यानं कपाट न हलवता फटीतून ब्रश कोंबला होता, कामचुकार. काकानं फडक्यानं धूळ पुसली.

काच आडवी तडकली होती.

"जुनीही असेल," जावई म्हणाला. तो बाजूला उकिडवा बसला होता. "एकदा तडकली असेल आणि मग थांबली असेल. असं होतं ना मामा?"

"होतं." काकानं भिंग काढलं. "रंग कधी दिलाय, बाई?"

"दीड वर्ष झालं."

"मग रंगालाच विचारू. काच रंगाच्या आधी तडकली असेल, तर रंग चिरेत उतरला असणार आणि वरून सलग असणार. रंगानंतर भिंत हलली असेल, तर रंगही फाटला असणार."

त्यानं भिंग काचेवर धरलं आणि एक डोळा मिटला. मग त्यानं केलं ते आजवर कुठल्याच घरात केलं नव्हतं. त्यानं भिंग मुलीच्या हातात दिलं आणि सरकून जागा केली.

"तू बघ. घर तुझं आहे."

मुलगी गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं भिंग नवऱ्याकडे दिलं. त्यानं बघितलं, रंगावरून नख फिरवलं, नख अडकलं, परत फिरवलं, परत अडकलं.

"फाटलाय," तो हळूच म्हणाला.

बाई लोखंडी खाटेच्या कडेवर टेकल्या. "म्हणजे मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांची उत्तरं तपासलेल्या बाईचा तो आवाज ऐकून काकाला तिथं बसवेना.

साडेतीन झाले. सगळे काकाकडे बघत होते, नकाराची वाट बघत. नकार त्याच्या जिभेवर तयारच असायचा, दातात अडकलेल्या सुपारीसारखा. पण तो म्हणाला, "भिंत हलतेय एवढं कळलं. का हलतेय ते रंगातून नाही कळत. माझं शिक्षण इथं संपलं. पायाशी उकरून बघायला पाहिजे."

"मग आज सही नाही," मुलगी म्हणाली. "आणि आज नकारही नाही. बाई, उकरायला चालेल?"

"बहिणीला कळवते," बाई म्हणाल्या. "एकटीनं राहायची सवय आहे मला, आणखी दोन-तीन महिने राहीन. पण अर्धवट गणित मी कुणाला विकणार नाही."

जावयानं नोंदणी कार्यालयात फोन करून वेळ रद्द केली. रिक्षात मुलगी त्याच्या शेजारी बसली नाही. काकाला मध्ये बसवलं.

दोन दिवसांनी गवंडी आला. कोपऱ्यापाशी कमरेइतकं खोदलं. आत काही भयानक निघालं नाही. मोरीच्या सांडपाण्याचा पाइप जमिनीखाली सांध्यात सुटला होता. बाईंच्या आंघोळीचं पाणी वर्षानुवर्षं थेंबथेंब पायाशी जिरत होतं आणि माती धुऊन नेत होतं. सात वर्षांपूर्वी सगळ्यांनी चीर बुजवली, पाणी कुठून येतंय ते कुणी विचारलंच नाही. काकानं त्या खड्ड्यात वाकून बघितलं आणि डोकं खाजवलं. जन्मभर भिंतींना नाक लावलं, पायाखाली बघायचं सुचलं नव्हतं. चौथ्या घरातल्या खिडकीखालच्या ओलीचंही असंच काही असेल का, हे त्यानं मनातल्या मनात विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत तिथून निघाला.

पाइप बदलला, पाया भरला, काचेच्या दोन नव्या पट्ट्या लावल्या, एक वर, एक खाली. मग काच तडकते का ते बघत थांबायचं. महिनाअखेरीला मुलगी, जावई आणि नात काकाच्या एका खोलीत येऊन राहिले. शिडी बाहेर गेली, रंगाचे डबे बाजेखाली. काकाची बायको म्हणायची, "आता कळलं घर कुणाला म्हणतात? जिथं पाय पसरले तर दुसऱ्याच्या तोंडाला लागत नाहीत, त्याला." मुलगी नवऱ्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलली. सोळाव्या दिवशी त्यानं, कुणी न विचारता, आपल्या पगारापासून डोकेदुखीपर्यंत सगळं तिला सांगायला सुरुवात केली. शेवटी तीच म्हणाली, बास.

दर रविवारी सासरा-जावई बाईंकडे जायचे. जावई भिंग धरायचा, काका टॉर्च. दहा रविवार. अकराव्या रविवारी जावयानं काचेवर बोट फिरवलं, वरची, मग खालची. बोट कुठेच अडलं नाही.

"मामा?" त्यानं विचारलं.

काकानं टॉर्च बंद केली. पाच घरं, दोन वर्षं, आणि हा शब्द त्यानं कुठल्याच घराला दिला नव्हता. तोंडातून निघताना तो जरा अडखळला.

"घ्या," तो म्हणाला.